रुमालाखालचा आकडा

आम्हा लातूरच्या लोकांना एक खोड आहे. पायाखाली काही हललं असं वाटलं की आम्ही आधी घराबाहेर पळतो, काय हललं ते नंतर बघतो. भूकंपाला पंचवीस वर्षं होत आली तरी ही खोड गेलेली नाही. त्यामुळं मला हार्ट अटॅक आला त्या सकाळी मी तेच केलं. दुकानाला निघालो होतो, उंबऱ्यापाशी जमीन सरकल्यासारखी झाली. मी चौकट धरली आणि ओरडलो, "बाहेर व्हा, सगळे बाहेर व्हा."

बायको शांता हातात कालथा घेऊन पळाली. धाकटा भाऊ विश्वनाथ, त्याची बायको, दोघांची पोरं, सगळे गल्लीत. आमचं बघून शेजारची तीन घरं बाहेर आली. कुणीतरी विचारलं, "केवढा होता?" समोरचे गुरुजी म्हणाले, "मोठा होता, आमची भांडी वाजली की."

सगळे बाहेर, फक्त मी आत. शांता म्हणाली, "अहो, तुम्ही का आत थांबलाव?"

"मला पाय उचलंना," मी म्हणालो.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की गल्लीत काहीच हललेलं नव्हतं. हलला होता तो मी एकटा.

हे लिहितोय ते ज्यांच्या छातीवर नुकतेच टाके पडलेत किंवा पडणार आहेत त्यांच्यासाठी. औषधाचं मला कळत नाही, ते डॉक्टरांना विचारा. मला फक्त एवढं सांगायचं आहे की या आजारात खोटं कुठं बोलायचं नाही. बाकी ठिकाणी तुमचं तुम्ही बघा.

तीनाचे दोन

मी अडत्या माणूस. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझं अडतीचं दुकान आहे. शेतकऱ्याचा माल माझ्या गादीवर उतरतो, मी सौदा लावून तो खरेदीदाराला देतो. हे दुकान मला कुणी दिलेलं नाही. औसा तालुक्यातलं आमचं गाव भूकंपात पडलं, त्यात आई-वडील गेले. विश्वनाथ तेव्हा शाळकरी होता. दगडामातीत आधी त्याचा पंजा दिसला. मी त्याचं बोट धरून हाक मारली. आवाज आला नाही, पण त्यानं माझं बोट दाबलं. मग मी हातांनी उकरलं. त्याला घेऊन लातूरला आलो, आधी पोती उचलली, मग एका दलालाच्या हाताखाली सौदे शिकलो, मग स्वतःची गादी घातली. म्हणून मला कुणी अडवलं की माझं डोकं फिरतं. माझा स्वभाव तापट आहे असं सगळे म्हणतात. मी नाकारत नाही.

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी पडद्यावर माझ्या हृदयाच्या नळ्या दाखवल्या. म्हणाले, "तीन ठिकाणी अडथळा आहे. बायपास करावं लागेल."

मी म्हणालो, "तीन म्हणता साहेब, दोनात भागणार न्हाई का?"

डॉक्टर हसले नाहीत. खरं सांगतो, मला विनोद करायचा नव्हता. समोरच्यानं आकडा सांगितला की तो खाली आणायचा, एवढंच मला आयुष्यभर येत होतं. तो आकडा खाली येत नाही हे कळलं, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

शस्त्रक्रिया नांदेडला करायची ठरली, कारण माझी धाकटी बहीण कमल, भूकंपाआधीच लग्न होऊन गेलेली, तिथं असते. निघायच्या आदल्या दिवशी मोंढ्यातले चार व्यापारी भेटायला आले. त्यांच्यासमोर, माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभा राहून विश्वनाथ म्हणाला, "अण्णा आता आराम करतील. दुकानाचं मी बघतो काय करायचं ते."

"काय करायचं ते" या तीन शब्दांत काय होतं ते मला माहीत होतं. लातूरला दरसाल महाराष्ट्रभरातून पोरं क्लासला येतात, डॉक्टर-इंजिनियर व्हायला. त्यांना राहायला खोल्या लागतात, जेवायला मेस लागते. आमच्या रांगेतल्या दोन अडत्यांनी दुकानं पाडून होस्टेलं बांधली होती. विश्वनाथच्या डोक्यात तेच होतं. तो म्हणायचा, "अण्णा, तुरीचा भाव पडतो. पोरांचा पडत न्हाई."

व्यापारी गेल्यावर मी म्हणालो, "मी अजून मेलेलो न्हाई, विश्वा."

"मी कुठं म्हणलो?"

"चौघांसमोर बोललास तू. आता मोंढाभर होईल."

झालंच तसं. संध्याकाळपर्यंत फोन येऊ लागले, दुकान बंद होणार हाय का म्हणून. ज्याला मी दगडाखालून काढला त्यानं मला चौघांत संपवला, हे माझ्या छातीत टाक्यांच्या आधीच शिवलं गेलं. ते अजून तिथं आहे.

लिंग आणि गोळे

आम्ही लिंगायत. गळ्यात इष्टलिंग असतं, ते अंगावेगळं करत नाहीत. शस्त्रक्रियेच्या सकाळी सिस्टर म्हणाली, "गळ्यातलं काढा."

"न्हाई निघत."

"तिथंच कापणार आहेत, काका."

"मग दुसरीकडं कापा."

ही सिस्टर किनवटकडची होती, जंगलातल्या गावची, आश्रमशाळेत वाढलेली. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, मी दहा वर्षं होस्टेलात काढली. तुमच्यासारखे रेक्टर लई पाहिले." शेवटी सौदा असा ठरला की लिंग शांताच्या तळहातात राहील आणि मी शुद्धीवर येईपर्यंत ती मूठ उघडणार नाही. शांतानं मूठ उघडली नाही. पाणीसुद्धा डाव्या हातानं प्यायली.

आत काय झालं ते मला माहीत नाही. जागा झालो तेव्हा नळ्याच नळ्या होत्या आणि घसा कोरडा. छातीपेक्षा पाय जास्त दुखत होता, कारण नवीन वाटेसाठी नस पायातून घेतात. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगतोय. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची, नाहीतर आपण मधोमध उघडू असं वाटतं. तसं उघडत नाही कुणी. पण वाटतं.

मग एक प्लास्टिकचं खेळणं देतात, त्यात तीन रंगीत गोळे असतात. श्वास ओढून ते वर उचलायचे. अख्खं पोतं पाठीवर घेतलेला माणूस मी, आणि माझ्यानं एक गोळा हलेना. सिस्टर म्हणाली, "उद्या दोन." मी म्हणालो, "दोन उचलले तर दुपारची सुई नको." ती म्हणाली, "सुई पण आणि दोन पण." त्या दवाखान्यात मी एकही सौदा जिंकलो नाही.

कमलच्या घरी

सुट्टी मिळाली त्या दिवशी विश्वनाथ गाडी घेऊन आला. मी त्याला विचारलं, "होस्टेलचं कुठवर आलं?"

तो म्हणाला, "अण्णा, तुमच्यानं आता होणार हाय का? उन्हात उभं राहायचं, ओरडायचं. परत काही झालं तर?"

"होतं का न्हाई ते पाडव्याला बघ."

दिवाळीच्या पाडव्याला मोंढ्यात मुहूर्ताचा सौदा असतो. नव्या सालाचा पहिला माल पुकारायला त्या दुकानाचा मालक स्वतः उभा राहतो. जो उभा राहिला त्याची गादी, असं सगळा बाजार धरून चालतो.

विश्वनाथ म्हणाला, "ठीक हाय. पाडव्याला तुम्ही उभं राहिलाव तर दुकान ऱ्हाईल. पण दवाखान्यानं लिहून द्यायला पाहिजे. तुमचं तोंडी चालणार न्हाई. तुम्ही मरायला टेकलाव तरी ठणठणीत हाय म्हणणार."

मी हात पुढं केला. त्यानं हातावर हात मारला. मला राग होता, पण सौदा बरोबर होता.

पुढचे आठवडे मी कमलच्या घरी काढले. भेटायला येणारा प्रत्येक जण मोसंबी आणायचा आणि एकच सांगायचा, "हलू नका." कमल मला पाण्याचा तांब्या उचलू देत नव्हती. मीही हलत नव्हतो, आणि त्याचं कारण कुणाला सांगितलं नव्हतं. मला भीती वाटायची. न्हाणीघराची कडी मी लावत नव्हतो. डाव्या कुशीवर झोपलं की उशीत ठोके ऐकू यायचे, आणि एखादा चुकतो का ते मी मोजत बसायचो. शिंक आली तरी मी भिंत धरायचो. बाजारात शंभर माणसांवर ओरडणारा मी, बहिणीच्या घरात कुजबुजत बोलायला लागलो होतो.

एके दिवशी अळणी वरणावरून मी ताट सरकवलं आणि शांताला नको ते बोललो. माझं ताट तिनं आपल्यापुढं ओढलं आणि जेवायला लागली. मग कमल म्हणाली, "अण्णा, वहिनी ऑपरेशनपासून अळणीच जेवून राहिल्यात. तुमचं एकट्याचं वेगळं नको म्हणून." मी ताट परत मागून घेतलं.

मालिशवाली न्हाई

तपासणीला गेलो तेव्हा सर्जननी मला दवाखान्याच्याच दुसऱ्या इमारतीत पाठवलं. तिथं मोठा हॉल होता, चालायच्या मशीन होत्या, आणि पांढऱ्या कोटात एक मुलगी. रुबीना. मूळ उदगीरची, वडील गाद्या भरणारे पिंजारी. तीही क्लाससाठी लातूरला आलेल्या पोरांपैकीच एक. डॉक्टरकीची जागा थोडक्यात हुकली, मग तिनं फिजिओथेरपी केली, आणि आता हृदयाच्या रुग्णांना व्यायामानं पुन्हा उभं करायचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. शेवटचं वर्ष चालू होतं.

मी विचारलं, "मालिश करणार का?"

"मालिश न्हाई काका. मोजणार."

"काय मोजणार?"

"डॉक्टर गोळी देतात तेव्हा किती ताकदीची, किती वेळा, ते लिहून देतात ना? चालणं पण तसंच औषध हाय. कमी दिलं तर उपयोग न्हाई, जास्त दिलं तर घात. कुणाला किती द्यायचं ते शिकायलाच माझी वर्षं गेली. आणि घरी आल्यागेल्याला अम्मी सांगते, बेटी लोगां को चलाती."

मला ती पहिल्या दिवशीच पटली, कारण ती आपल्या मालाची किंमत कमी करत नव्हती. तिचं शिकणं मी रोज बघत होतो. रुग्ण नसला की ती स्वतः तोंडाला मुखवटा लावून मशीनवर धावायची आणि दुसरी विद्यार्थिनी तिचा श्वास मोजायची. ठोक्यांच्या आलेखाच्या पट्ट्या ती भाजी निवडल्यासारखी निवडायची, ही चालेल, ही नाही. कुणी कोसळलं तर काय करायचं याचा सराव त्या पोरी रबरी पुतळ्यावर घाम निघेपर्यंत करायच्या. शेवटच्या परीक्षेत बाहेरगावचा परीक्षक येणार होता, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकीनंच सांभाळलेला एक रुग्ण त्याच्यासमोर उभा करायचा होता. रुबीनाचा तो रुग्ण मी.

कुठवर पोचायचं ते तिनं आधी मलाच विचारलं. म्हणाली, "तुम्हाला कशासाठी बरं व्हायचं हाय?"

"पाडव्याच्या सौद्यासाठी."

"सौद्यात काय काय करता? सगळं सांगा."

मी सांगितलं. ढिगाऱ्यामागून ढिगारा चालायचं, ओट्याच्या पायऱ्या चढायच्या, चालता चालता भाव पुकारायचा, तासन्‌तास बसायचं नाही. एका रविवारी ती घरी उदगीरला गेली तेव्हा तिथल्या मोंढ्यात जाऊन एका अडत्याच्या मागं मागं फिरून आली. परत आली आणि हॉलमध्ये तिनं उशांचे ढीग मांडले.

"पुकारा," ती म्हणाली.

मी उशा पुकारल्या. मुखेडचे एक निवृत्त मास्तर शेजारच्या सायकलवर होते, त्यांचंही बायपास झालेलं. ते पाय मारता मारता बोली लावायला लागले. म्हणाले, "दाणा बारीक हाय." मी म्हणालो, "मास्तर, उशी हाय ती." हॉलमध्ये हशा पिकला. छाती धरून हसलो मी, आणि नंतर लक्षात आलं की छाती धरायची गरज नव्हती.

दोन

आता मुख्य गोष्ट. मशीनसमोर भिंतीवर एक तक्ता होता, शून्यापासून दहापर्यंत. शून्य म्हणजे दम काहीच नाही. तीन म्हणजे बेताचा. पाच म्हणजे जड. दहा म्हणजे आता होणार नाही. चालता चालता रुबीना विचारायची, "काका, किती?" आपण आकडा सांगायचा. त्या आकड्यावर ती वेग वाढवायची किंवा उतरवायची.

मला कुणी आकडा विचारला की मी खरा सांगत नाही. हा माझा धंदा आहे. त्यातून मला दवाखान्याचा कागद पाहिजे होता. कमी आकडा सांगितला की आपला माल चांगला दिसणार, एवढं तर कुणालाही कळतं. म्हणून मी पहिल्या दिवसापासून एकच आकडा सांगायचो. "दोन." जड झालं तरी दोन. कान गरम झाले तरी दोन. रुबीना माझ्याकडं बघायची, वहीत लिहायची, आणि ठरल्याप्रमाणं पुढं वाढवायची.

एके दिवशी तिनं विचारलं, मी "दोन" म्हणालो, आणि मशीनचा पट्टा माझ्या पायाखालून निघून गेला. रुबीनानं लाल बटण मारलं आणि मला काखेत धरून खुर्चीत बसवलं. हात-पाय गार, डोळ्यांपुढं काळं. तिच्या मॅडम धावत आल्या. दाब बघितला, आलेख बघितला. काही वाकडं झालेलं नव्हतं, पण होऊ शकलं असतं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "रुबीना, हा पेशंट खरे आकडे सांगत नाही. असा पेशंट मी मशीनवर ठेवणार नाही. तू दुसरी केस बघ."

"मॅडम, परीक्षा तोंडावर आली आहे."

"मला माहीत आहे."

मॅडम गेल्या. मी रुबीनावरच भडकलो. "एवढ्या वायरी लावल्याव मला. मशीनला दिसत न्हाई का?"

ती पहिल्यांदा माझ्यावर चिडली. "न्हाई दिसत. तुमच्या गोळ्या नाडीला वर जाऊ देत न्हाईत. मशीन मला अर्धंच सांगतं. बाकीचं अर्धं तुमच्यापाशी हाय, आणि ते तुम्ही झाकून बसलाव. माझं साल गेलं काका. तुमचा पाडवा पण गेला."

"आकडा उघडा केला की समोरचा डोक्यावर बसतो," मी म्हणालो. "मला येतच न्हाई तसं."

माझा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, आणि बोटं आपोआप दाबत होती, सवयीनं. ती त्या बोटांकडं बघत राहिली.

"तुम्ही रुमालात शिकलाव का?" तिनं विचारलं.

हे इथं सांगायला पाहिजे. पूर्वी आमच्याकडं सौदा रुमालाखाली व्हायचा. दलाल आणि खरेदीदार एकमेकांचा हात धरायचे, वर कापड टाकायचे, आणि बोटं दाबून भाव सांगायचे. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, आख्खा पंजा म्हणजे पाच, पुढं पंजावर पुन्हा बोटं. ती पद्धत कायद्यानं बंद झाली आणि बरं झालं, कारण ज्याचा माल त्यालाच भाव कळत नव्हता. पण मी शिकलो त्यात. त्याचा एक नियम होता. तोंडानं काहीही बोला, शपथा घ्या, रडा, उठून जा. रुमालाखाली दाबलेला आकडा मात्र फिरवायचा नाही. जो फिरवील त्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नसे.

"तुला काय माहीत रुमाल?" मी म्हणालो.

"माझे नाना, अम्मीचे अब्बा, उदगीरच्या मोंढ्यात दलालाकडं होते. लहानपणी माझ्या हातावर दस्ती, म्हणजे रुमाल, टाकून खेळायचे." तिनं माझ्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, माझा हात धरला आणि वर टाकलं. "आत्ता पडताना किती होतं? तोंडानं नगा सांगू."

माझ्या बोटांनी तिचा पंजा धरला, सोडला आणि पुन्हा दोन बोटं धरली. सात. मला थांबवायचं होतं, पण बोटं थांबली नाहीत.

"बरं," ती म्हणाली. अगदी जुन्या दलालासारखी, चेहऱ्यावर काही न दाखवता.

मॅडमची अट

मॅडमला हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "शास्त्रात रुमाल नाही, रुबीना."

"आकडा शास्त्रातलाच आहे, मॅडम. फक्त घ्यायची रीत त्यांची आहे."

मॅडमनी अट घातली. आठवडाभर हळू वेगानं, बोटांचा आकडा आणि श्वास दोन्ही ताडून बघायचे. चालताना मला एक लांब वाक्य बोलायला लावायचं. दम हलका असला की वाक्य सलग येतं, जड झाला की तुटतं. मॅडम स्वतः उभ्या राहायच्या. मी तोंडानं "दोन" म्हणायचो, ते सुटलं नव्हतं, आणि बोटं चार सांगायची. वाक्य बोटांच्या बाजूनं तुटायचं. आठवडा संपला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तोंड आम्ही लिहिणार नाही." आणि माझी केस राहिली.

तिथून माझी ताकद वाढायला लागली. कारण आता खरं तेवढंच ओझं मिळत होतं. ज्या वेगाला बोटं चार सांगायची, त्याच वेगाला काही दिवसांनी तीन सांगू लागली, मग दोन. खरे दोन. मी न्हाणीघराची कडी लावायला लागलो. कमलच्या गच्चीवर पाण्याची बादली नेली तेव्हा ती ओरडली, आणि मी तिच्यावर ओरडलो. शांता खालून म्हणाली, "आवाज आला बाई परत." ती हसत होती.

परीक्षेचा दिवस

परीक्षक उंच, सडपातळ, घाईत असलेले. विश्वनाथ मला न्यायला आला होता, तो काचेपलीकडच्या बाकावर बसला. त्याला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

आधी रुबीनाला प्रश्न झाले. कधी थांबवाल, का थांबवाल, या गोळ्या चालू असताना कशावर विसंबाल. मला निम्मं कळलं नाही. पण समोरच्याला आपला माल माहीत आहे की नाही ते मला आवाजावरून कळतं. तिला माहीत होता.

मग मी पट्ट्यावर चढलो. रुबीनानं माझा हात धरून उपरणं टाकलं.

"हे काय?" परीक्षकांनी विचारलं.

तिनं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पेशंट तोंडी खोटं सांगतो?"

मी चालता चालता म्हणालो, "तोंडी सगळेच सांगतात साहेब. तुम्ही हिला पास करायचं ठरवलं असंल, तरी चेहऱ्यावर दाखवत न्हाई."

मॅडमनी छताकडं बघितलं. परीक्षक खुर्ची जवळ ओढून बसले.

पट्टा चढत गेला, वेग वाढत गेला. बोटांनी दोन सांगितलं, तीन सांगितलं, चार सांगितलं. पुढची पायरी आली, म्हणजे अजून चढ आणि अजून वेग. दम जड झाला. पाचाला थांबायचं असं ठरलं होतं. काचेपलीकडून विश्वनाथ माझ्याकडं बघत होता. माझ्या मनात आलं, चार दाबलं तर अजून एक पायरी मिळंल. कागद भारी होईल. एकच बोट कमी. कुणाला कळणार?

रुबीनानं हात धरलेला होता, आणि ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. रुमालाखाली समोरच्याकडं बघायचं नसतं.

मी आख्खा पंजा दाबला.

"थांबवते," ती म्हणाली.

मी खुर्चीत बसलो आणि मला वाटलं, गेलं. एका पायरीनं गेलं. परीक्षकांनी विचारलं, "यांना जे काम करायचं आहे त्याला हे पुरेल?"

रुबीनानं उदगीरच्या मोंढ्यात केलेली मोजदाद पुढं ठेवली. चालणं, पायऱ्या, पुकारणं, उभं राहणं, प्रत्येकाला किती दम लागतो ते. म्हणाली, "सर, हे त्याच्या वर गेले आहेत. शेवटच्या दोन पायऱ्यांएवढा दम तर त्या कामाला लागणारच नाही, तो राखीव आहे. खरा आकडा आहे म्हणून मी खात्रीनं सांगू शकते."

परीक्षक उठले. माझ्यापाशी आले आणि हात पुढं केला. "आता किती आहे?"

मी उपरणं त्यांच्या हातावर टाकलं आणि एक बोट धरलं.

ते रुबीनाकडं वळून म्हणाले, "हे लिहून काढ. छापून येण्यासारखं आहे." ती त्या परीक्षेत पहिली आली. पेढे मी वाटले, आणि पेढेवाल्याशी भाव करताना माझी नाडी अजिबात वाढली नाही.

मॅडमच्या सहीचा कागद मी विश्वनाथच्या हातात दिला. त्यानं तो दोनदा वाचला. म्हणाला, "उभं राहता येईल, चालता येईल, बोलता येईल असं लिहिलंय. भांडता येईल का ते न्हाई लिहिलं."

"ते मी तोंडी सांगतो," मी म्हणालो.

पाडवा

विश्वनाथला होस्टेल खरंच पाहिजे होतं, आणि मी पुन्हा पडेन ही भीतीही त्याला खरीच होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, हे मला आता कळतं. म्हणून राग गेला असं समजू नका. चौघांसमोर बोलला ते बोलला. दुकानाच्या वर त्यानं पोरांसाठी खोल्या काढाव्यात, खालची गादी खालीच राहील, असं आमचं ठरलं. जिना बाहेरून काढायचा ही अट माझी.

पाडव्याला मी नवं उपरणं घातलं. मोंढ्यात गर्दी होती. मला बघून लोक बाजूला सरकले, जसे आजारी माणसाला सरकतात. ते मला आवडलं नाही. वजनकाट्याची पूजा झाली. मी ओट्याच्या पायऱ्या चढलो, सोयाबीनच्या पहिल्या ढिगाऱ्यापाशी गेलो, मूठभर माल उचलला आणि पुकारलं.

आवाज गेला. पार त्या टोकाच्या पत्र्यापर्यंत गेला. समोरचे गुरुजी सौदा बघायला आले होते, ते शेजाऱ्याला म्हणाले, "बाप रे." मग बोली सुरू झाली आणि लोक पुन्हा माझ्या अंगावर रेटून उभे राहायला लागले, जसे निरोगी माणसाच्या अंगावर राहतात. दुसरा ढीग झाला. तिसरा झाला. ज्यांनी दुकान बंद होणार का म्हणून फोन केले होते, त्यांच्या तोंडाकडं बघून मी भाव चढवत गेलो.

चौथ्या ढिगाऱ्याआधी विश्वनाथ शेजारी येऊन उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, कसं वाटायलंय?"

"एकदम ठणठणीत."

त्यानं माझ्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, माझा हात धरला आणि वर टाकलं. काचेपलीकडून त्यानं सगळं बघितलं होतं, आणि रुमालाची बोटं त्याला माझ्याकडूनच ठाऊक होती.

"तोंडानं नगा सांगू," तो म्हणाला.

गर्दी खोळंबली होती. जुने दलाल आमच्या हातांकडं बघत होते. मी त्याची बोटं धरली. तीन. बेताचा दम. खरे तीन.

मी हात सोडवायला गेलो, पण त्यानं सोडला नाही. समोरच्या ढिगाऱ्याकडं बघत त्यानं माझं एक बोट धरलं आणि दाबलं, जसं त्यानं भूकंपाच्या पहाटे मातीखालून दाबलं होतं.

मी चौथा ढीग पुकारला.